ग्राहक संरक्षणाचा प्रश्न नेमका कोणत्या मंत्रालयाला विचारणार? खान्देशच्या चार खासदारांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार या लोकसभा मतदारसंघांचे सन्माननीय सदस्य,

सविनय नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातील एक निवृत्त माध्यमिक शिक्षक असून वडिलोपार्जित चार एकर शेती मुलाच्या मदतीने करतो. निवृत्तीनंतर दर रविवारी सकाळी ओळखीपाळखीच्या लोकांना ग्राहक तक्रारींचे अर्ज लिहून देणे हा माझा उद्योग झाला आहे, आणि त्यात येणारे बहुतेक कागद बियाण्याचे, केळीच्या रोपांचे, खताचे नाहीतर बुडालेल्या ठेवींचे असतात. आपण या विषयांवर लोकसभेत प्रश्न विचारावेत, ही माझी विनंती आहेच. परंतु केवळ तेवढ्यासाठी पत्र लिहिण्याची गरज नव्हती. प्रश्न विचारले जातात, त्यांना उत्तरेही मिळतात, मात्र ती उत्तरे वाचून आमच्या हाती काही लागत नाही. असे का होते आणि प्रश्नाची मांडणी कशी बदलता येईल, याविषयी एका मतदाराचे म्हणणे आपल्यापुढे ठेवावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडचा शेतकरी कृषी केंद्रात जातो, तेव्हा त्याच्या दृष्टीने तो एकच व्यवहार असतो. कपाशीची पाकिटे, युरियाच्या गोण्या, एखादे तणनाशक, जमल्यास केळीच्या टिशू रोपांची (प्रयोगशाळेत ऊतींपासून वाढवलेल्या रोपांची) आगाऊ नोंदणी, असे सगळे एका दुकानात, एका वहीवर आणि पुष्कळदा एकाच उधारीत होते. हाच व्यवहार दिल्लीत पोहोचला की त्याचे तुकडे होतात. बियाणे कृषी मंत्रालयाकडे, खत रसायने व खते मंत्रालयाकडे, टिशू रोपांचे प्रमाणीकरण विज्ञान व तंत्रज्ञान मंत्रालयाच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडे, बिल न देता विकल्या जाणाऱ्या ‘चोर बीटी’ची, म्हणजे बेकायदा जनुकबदल कपाशीच्या बियाण्याची, परवानगी नसण्याचा विषय पर्यावरण मंत्रालयाच्या समितीकडे, आणि या सगळ्यात फसवला गेलेला माणूस मात्र ग्राहक व्यवहार मंत्रालयाकडे. त्यामुळे ‘निकृष्ट निविष्ठांबाबत सरकारने काय केले’ असा एक मोठा प्रश्न कोणत्याही एका मंत्र्याला विचारला, तरी तो आपल्या वाट्याच्या तुकड्याचे उत्तर देतो आणि उरलेल्या चार तुकड्यांवर मौन बाळगतो. त्याला खोटे बोलल्याचा दोषही देता येत नाही.

अशा उत्तराचा साचा एव्हाना आम्हालाही पाठ झाला आहे. प्रश्नाचे ‘(क) ते (घ)’ हे भाग एकत्र करून एक विवरण पटलावर ठेवले जाते. त्यात ग्राहक संरक्षण कायदा, 2019 लागू असल्याचे, 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक कार्यरत असल्याचे आणि तक्रार ऑनलाइन दाखल करण्याची सोय झाल्याचे सांगितले जाते, आणि शेवटी अंमलबजावणी ही राज्य सरकारांची जबाबदारी असल्याचे नमूद होते. हे सगळे खरेच असते. परंतु लोकसभेच्या नियमांनुसार प्रश्न 150 शब्दांच्या आत मांडावा लागतो, एका दिवसासाठी एका सदस्याला पाचच सूचना देता येतात, किमान 15 पूर्ण दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि त्यातून तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराच्या, यादीत दिवसाला केवळ 20 प्रश्न, तेही सोडतीने, येतात. इतक्या मोलाची संधी, कायदा अस्तित्वात आहे हे पुन्हा एकदा ऐकून घेण्यासाठी खर्च होऊ नये.

बियाण्यापासून आरंभ करतो. आजवर आमच्या संरक्षणाचा मुख्य आधार राहिलेला कायदा 1966 चा आहे आणि त्याच्या कलम 19 नुसार पहिल्या गुन्ह्यासाठी दंड आहे 500 रुपयांपर्यंत. त्याच केंद्र सरकारने 2024 च्या हंगामासाठी बीजी-2 कपाशीच्या 475 ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत 864 रुपये ठरवली होती. म्हणजे निकृष्ट बियाण्याबद्दलचा दंड एका पाकिटाच्या किमतीपेक्षाही कमी. हा हिशेब मी नववीच्या वर्गाला घातला असता, तर मुलांनी उदाहरण चुकल्याचे सांगितले असते. नवा कायदा आणण्यासाठी 2004 मध्ये विधेयक मांडले गेले, ते मार्गी लागले नाही. त्यानंतर मसुद्यांमागून मसुदे झाले आणि 2025 च्या नोव्हेंबरमध्येही एक मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला. आपल्या प्रश्नात ‘नवा बियाणे कायदा केव्हा येणार’ असे न विचारता, उगवण न झालेल्या किंवा भेसळ निघालेल्या बियाण्याची भरपाई कोणी, कोणत्या दराने आणि किती दिवसांत द्यावी हे त्या कायद्यातच लिहिले जाणार आहे काय, आणि नसेल तर का नाही, असे विचारावे. त्याचे उत्तर मंत्र्यांना ‘होय’ किंवा ‘नाही’ असेच द्यावे लागेल.

येथे न्यायालयाचे एक उपकार सांगितले पाहिजेत. बियाणे कंपन्या वर्षानुवर्षे सांगत असत की शेतकरी हा ग्राहकच नव्हे आणि बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय तक्रार टिकतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2012 मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात हे दोन्ही मुद्दे फेटाळले. बियाणे शेतकरी पेरण्यासाठी घेतो, त्यातले थोडे पुढच्या खटल्यासाठी डब्यात जपून ठेवण्यासाठी नव्हे, इतकी साधी गोष्ट त्या निकालाने मान्य केली. असे असूनही माझ्याकडे येणाऱ्या माणसाला आजही पहिल्यांदा हेच विचारले जाते की तुमच्याकडे पाकिटातले बियाणे शिल्लक आहे काय.

केळीच्या बाबतीत तर पाकीटही नसते. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोन एकरांत पाच बाय पाच फुटांवर टिशू रोपे लावली. साडेतीन हजारांच्या आसपास. दीड महिन्यात पानांवर पिवळे पट्टे उमटू लागले, पाने आकसली, पोगा (मधले न उमललेले पान) सडू लागला. ज्याला आमच्याकडे हरण्या रोग म्हणतात तो कुकुंबर मोझॅक विषाणू होता. विषाणूवर औषध नाही. रोप उपटून गाडणे एवढाच उपाय, आणि आम्ही तो केला. रोपवाटिकेचे नाव मी येथे घेत नाही, कारण माझा विषय ती रोपवाटिका नाही. तिच्या बिलावर ‘केळी रोपे’ आणि संख्या एवढेच लिहिलेले होते. ना लॉट क्रमांक, ना मातृवृक्षाची नोंद, ना विषाणू तपासणीचा उल्लेख. आम्ही विचारायला गेलो तेव्हा रोग तुमच्या शेजारच्या काकडीवरून माव्याने आणला, असे उत्तर मिळाले. शास्त्राच्या दृष्टीने ते अशक्य नाही. विषाणू रोपातूनही येतो आणि मावा किडीतूनही येतो, आणि रोप रोपवाटिकेतून निघतानाच तपासलेले नसेल, तर नंतर कोणीही छातीठोकपणे काही सांगू शकत नाही. पुरावा जेथे तयार व्हायला हवा तेथे तो तयारच होत नाही, आणि तो नसल्याची शिक्षा मात्र शेतकरी भोगतो.

गंमत अशी की ही तपासणी करण्याची व्यवस्था देशात आहे. बियाणे कायद्याखालीच 2006 मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाला टिशू रोपांसाठी प्रमाणन संस्था म्हणून अधिसूचित करण्यात आले. त्या व्यवस्थेत प्रयोगशाळांना मान्यता, रोपांची विषाणू चाचणी आणि प्रमाणित रोपांवर लेबल अशी सगळी तरतूद आहे. परंतु बियाणे कायद्याखालील प्रमाणीकरण मुळात ऐच्छिक आहे. ज्याला हवे त्याने अर्ज करावा. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आम्हाला अभिमान आहे, पण त्या मानांकनाने फळाचे नाव सांभाळले, रोपाची हमी दिली नाही. म्हणून माझ्या अल्पमतीने प्रश्नाचा मसुदा असा असावा: ‘(क) महाराष्ट्रात टिशू कल्चर केळी रोपे तयार करणाऱ्या किती प्रयोगशाळा राष्ट्रीय प्रमाणीकरण व्यवस्थेत आहेत, (ख) गेल्या तीन वर्षांत जळगाव जिल्ह्यात लागवड झालेल्या रोपांपैकी किती रोपे प्रमाणित होती, आणि ही माहिती सरकारकडे नसल्यास ती न ठेवण्याचे कारण काय, (ग) प्रमाणपत्राविना व लॉट क्रमांकाविना रोपे विकण्यास मनाई करण्याचा प्रस्ताव आहे काय, (घ) असल्यास तो कोणत्या दिनांकापासून अमलात येईल?’ हा प्रश्न कृषी मंत्रालयाकडे न पाठवता जैवतंत्रज्ञान विभागाकडे पाठवावा. अन्यथा आकडा आमच्याकडे नाही, दुसऱ्या विभागाकडे आहे, असे उत्तर येईल आणि एक अधिवेशन वाया जाईल.

खताचे ‘लिंकिंग’ हा तर आता इतका अंगवळणी पडलेला प्रकार आहे की त्याविषयी तक्रार करणारालाच लोक भोळा समजतात. 45 किलोच्या नीमलेपित युरियाच्या गोणीची किंमत केंद्र सरकारने 266 रुपये 50 पैसे अशी पैशापर्यंत ठरवून दिलेली आहे. आणि ऐन गरजेच्या आठवड्यात ती गोणी हवी असल्यास सोबत एखादी द्रवरूप खताची बाटली किंवा सूक्ष्म अन्नद्रव्यांचे पाकीट घ्यावेच लागते. येथे दुकानदारावर सगळा राग काढणे मला पटत नाही, कारण कंपनी वा घाऊक विक्रेता त्याच्याही गळ्यात तेच बांधतो. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 2(41) मध्ये, एक वस्तू घ्यायची तर दुसरी घेणे भाग पाडणे ही प्रतिबंधक व्यापार प्रथा म्हणून स्वच्छ शब्दांत सांगितलेली आहे. मग हा विषय खत खात्याच्या परिपत्रकांपुरताच का राहतो, हे विचारायला हवे.

आणि ते कोणाला विचारायचे, याचे उत्तर त्याच कायद्यात आहे. 2020 च्या जुलैमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. एकट्या-दुकट्याचा नव्हे, तर एका वर्गाचा म्हणून ग्राहकांचा हक्क जेथे मोडला जातो, तेथे स्वतःहून चौकशी करण्याचा, वस्तू बाजारातून परत बोलावण्याचा आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल 10 लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार त्याला आहे. कलम 16 तर असे सांगते की जिल्हाधिकारी आपल्या जिल्ह्यातील अशा तक्रारींची चौकशी करून प्राधिकरणाकडे अहवाल पाठवू शकतात. माझ्या मते संपूर्ण कायद्यातील खान्देशाच्या सर्वांत उपयोगाचे आणि सर्वांत कमी चर्चिले गेलेले कलम हेच आहे. तेव्हा जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हाधिकाऱ्यांकडून प्राधिकरणाला आजवर कलम 16 खाली किती अहवाल मिळाले, त्यांतील बियाणे, रोपे व खते यांविषयीचे किती, आणि प्रत्येकावर काय कारवाई झाली, एवढेच विचारावे. प्राधिकरण केंद्राचे, अहवाल येणार केंद्राकडे. ‘हा राज्याचा विषय आहे’ हे वाक्य या उत्तरात कोठेही बसत नाही. उत्तर ‘शून्य’ असे आले तरी ते उपयोगाचे आहे, कारण तो कागद घेऊन आम्हाला आमच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या दालनात जाता येईल.

ज्याचा प्राथमिक संबंध भारत सरकारशी नाही असा विषय प्रश्नात येऊ नये, असा लोकसभेचा नियम आहे, हे मी जाणतो. जिल्हा ग्राहक आयोगांतील रिक्त पदांचा प्रश्न या नियमावर अडकतो. नेमणुका राज्याने करायच्या, पात्रतेचे नियम केंद्राने करायचे, आणि या दोहोंच्या मध्ये तक्रारदाराने थांबायचे. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या रिक्त पदांची स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. कायदा म्हणतो की विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागणार असल्यास पाच महिन्यांत, तक्रारीचा निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यात दावा करता येतो. इतके सगळे चांगले लिहून ठेवल्यावर तारखांमागून तारखा पडू लागल्या की माणूस रविवारी माझ्याकडे येऊन म्हणतो, ‘गुरुजी, जाऊ द्या ना.’ म्हणून आपण केंद्राला केंद्राच्याच वाट्याचे विचारावे: तीन व पाच महिन्यांची मुदत पाळली गेलेल्या प्रकरणांची संख्या जिल्हावार ठेवली जाते काय, आणि ठेवली जात असल्यास आमच्या तीन जिल्ह्यांची संख्या काय?

ठेवींच्या विषयावर लिहिताना मला थोडा संयम ठेवावा लागतो. माझ्या दिवंगत वडिलांच्या नावाची एका बहुराज्यीय पतसंस्थेतील मुदत ठेवीची पावती आजही आमच्या कपाटात आहे. खान्देशात अशा पावत्या घरोघरी आहेत आणि त्या जपून ठेवणारी पिढी एकेक करून निघून चालली आहे. बँकेतील ठेवीला 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही, हे आमच्यापैकी बहुतेकांना संस्था बुडाल्यावर कळले. एकापेक्षा अधिक राज्यांत काम करणाऱ्या संस्था 2002 च्या केंद्रीय कायद्याखाली येतात, त्यांचे निबंधक दिल्लीत बसतात आणि 2021 पासून त्यासाठी स्वतंत्र सहकार मंत्रालय आहे. येथे तर राज्याकडे बोट दाखवण्यास जागाच नाही. अवसायक (बंद पडलेल्या संस्थेचा हिशेब मिटवणारा अधिकारी) नेमलेल्या प्रत्येक बहुराज्यीय पतसंस्थेकडून किती वसुली झाली, त्यातून ठेवीदारांना किती रक्कम परत मिळाली, अवसायन प्रक्रियेवर किती खर्च झाला, आणि 2023 च्या दुरुस्तीने आलेल्या सहकार लोकपालाकडे महाराष्ट्रातील ठेवीदारांच्या किती तक्रारी पोहोचल्या, हे चार आकडे संस्थानिहाय मागावेत. देशाची एकत्रित बेरीज स्वीकारू नये. एकत्रित बेरजेत आमची संस्था हरवते.

नंदुरबारच्या सन्माननीय सदस्यांसाठी एक लहानसा विषय जोडतो. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात आणि सोन्याच्या दागिन्यावर सहा अंकी-अक्षरी हॉलमार्क क्रमांक 1 एप्रिल 2023 पासून सक्तीचा झाला, हे चांगलेच झाले. परंतु सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा स्त्रियांची आयुष्यभराची बचत सोन्यात नसते, ती चांदीच्या दागिन्यांत असते. आणि चांदीचे हॉलमार्किंग 2025 च्या सप्टेंबरपासून अशा क्रमांकासह आले तरी ऐच्छिकच राहिले आहे. मोडीला नेलेल्या चांदीत घट किती धरावी हे सराफ सांगेल तेच खरे, अशी स्थिती धडगाव-अक्कलकुव्याच्या बाईने आणखी किती वर्षे सोसावी, हे आपण विचारावे.

माझा स्वतःचा मतदारसंघ रावेर. केळीचा मुख्य पट्टा तोच. आणि आमच्या सदस्या सध्या केंद्रात राज्यमंत्री आहेत. मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात, ही संसदीय रीत आहे आणि तिच्याविषयी तक्रार नाही. पण त्यामुळे केळीचा प्रश्न विचारण्याची जबाबदारी उरलेल्या तिघांवर येते, आणि आपल्यापैकी दोघे एका पक्षाचे व एक दुसऱ्या पक्षाचे आहेत, हा या बाबतीत अडथळा मानू नये. विषाणू बागेत शिरताना मतदारयादी पाहत नाही. रावेरच्या सदस्यांनी मंत्रिमंडळातील आपल्या सहकाऱ्यांना पत्र लिहिले, तर त्याचे वजन कदाचित प्रश्नापेक्षा अधिकच पडेल.

उत्तर मिळाल्यावरचे काम अधिक चिकाटीचे आहे. ‘माहिती गोळा करण्यात येत असून ती पटलावर ठेवण्यात येईल’ हे वाक्य नियमानुसार सभागृहाला दिलेले आश्वासन ठरते. ते तीन महिन्यांत पूर्ण व्हावे अशी अपेक्षा असते आणि त्यावर लक्ष ठेवण्यासाठी लोकसभेची शासकीय आश्वासन समिती 1953 पासून काम करते. आपल्या प्रश्नाला असे उत्तर आले, तर तीन महिन्यांनी त्या समितीकडे विचारणा व्हावी, ही विनंती. एका नेमक्या प्रश्नाने काय होऊ शकते, याचे उदाहरण जुने आहे: 1957 मध्ये फिरोज गांधी यांनी आयुर्विमा महामंडळाच्या पैशांच्या, उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांतील गुंतवणुकीचा विषय लोकसभेत लावून धरला आणि 1958 मध्ये अर्थमंत्र्यांना पद सोडावे लागले. तेही विमेदारांच्या, म्हणजे सामान्य माणसांच्या, ठेवलेल्या पैशांचेच प्रकरण होते.

दुसरे उदाहरण सांगताना संकोच वाटतो, पण ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 23 डिसेंबर 2005 रोजी प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून लोकसभेने 10 सदस्यांना बडतर्फ केले आणि त्यांतील दोन मतदारसंघ, जळगाव व एरंडोल, आपल्या जिल्ह्याचे होते. दुसऱ्याच दिवशी, 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिन होता. मी तेव्हा शाळेत मुलांना ग्राहक हक्कांवर निबंध लिहायला दिला होता आणि एका मुलाने उभे राहून विचारले होते, ‘सर, प्रश्न विकत मिळतो का?’ आपल्यापैकी कोणाचाही त्या घटनेशी संबंध नाही. तरीही संसदेतील प्रश्न म्हटला की जळगाव जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना अजून ते आठवते, हे आपल्याला ठाऊक असावे.

वर सुचवलेल्या प्रत्येक प्रश्नाचा 150 शब्दांच्या आतील मसुदा, संबंधित मंत्रालयाच्या नावासह, मी स्वतंत्र कागदांवर तयार केला असून चारही संपर्क कार्यालयांत पोहोचता करीत आहे. लॉट क्रमांक नसलेली बिले, पंचनाम्यांच्या प्रती आणि ठेव पावत्यांच्या छायाप्रती, ज्यांची त्यांची संमती घेऊन, माझ्याकडे लावून ठेवलेल्या आहेत. आपल्या सहायकांपैकी कोणी एखाद्या रविवारी सकाळी आल्यास त्या पाहता येतील. मसुद्यांत चुका असतील तर दुरुस्त कराव्यात, भाषा बदलावी, नावही माझे कोठे येऊ देऊ नये. फक्त ‘कोणत्या दिनांकापर्यंत’ हे शब्द वगळू नयेत.

कळावे, लोभ असावा.

आपला विनम्र,
एक निवृत्त शिक्षक व शेतकरी
चोपडा, जि. जळगाव